इंजिनाचा कौल

माझ्या सासऱ्यांना इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय घास जात नसे. ताट वाढलं की ते आधी मान तिरकी करून ऐकत. गिरणीच्या धुराड्यातून पुक् पुक् येत असली की मग भाताला हात लावत. एकदा माझा नवरा तापानं फणफणून माजघरात कण्हत पडला होता, त्या दिवशीही मान गिरणीकडेच तिरकी झाली. आमटीचा पळा त्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं. मी आमटी ताटातच वाढली.

नवऱ्याला मी आयुष्यभर ‘हे’ म्हणत आले. इथे ‘नवरा’ आणि ‘तो’ लिहिते, म्हणजे कोण कुठला याचा घोटाळा नको. तो आता नाही, आणि असता तरी रागावला नसता. त्याला राग येतच नसे. त्या घरातला बायकोच्या वाट्याचा आणि त्याच्या वाट्याचा, दोन्ही राग मीच केला.

आमची भाताची गिरणी कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, आणि घर तिच्या पाठीमागे. माझं माहेर खालापुराकडचं, कुंभिवलीचं. मी लग्न होऊन आले त्याच्या थोडंच आधी इंजिन आलं होतं. मालगाडीनं कर्जतला उतरलं आणि तिथून बैलगाड्यांवर चढून वाजतगाजत घरी आलं. आम्ही दोघंही त्या घरात नवीच. त्याला गुळखोबऱ्याचा नैवेद्य मिळाला, मला विहिरीवरची घागर मिळाली.

इंजिन बसवायला मुंबईचा एक फिटर आला होता. त्यानं माझ्या नवऱ्याला सगळं शिकवलं. इंजिनाच्या खोलीत माणसापेक्षा उंच चाक फिरे. त्या चाकावरून चामड्याचा रुंद पट्टा भिंतीतल्या भोकातून पलीकडे जाई आणि कमरेएवढ्या उंचीवर बसवलेला लांब लोखंडी दांडा फिरवी. त्याला शाफ्ट म्हणत. भात सडायची यंत्रं त्या शाफ्टवर चालत. शाफ्ट ज्या लोखंडी घरांत फिरे ती बेरिंगं, आणि खरी काळजी त्यांचीच. आत पांढऱ्या धातूचं अस्तर असतं, ते झिजलं की लोखंडावर लोखंड घासतं आणि तापतं. सकाळी चालू करा, संध्याकाळी थांबवा, वर्षातून एकदा अस्तर नवं ओतून घ्या, असं फिटर सांगून गेला. सासरे त्याच्यासमोर मान डोलवत होते. तो स्टेशनाकडे वळेपर्यंतच ती मान डोलली.

बेरिंग किती तापलं हे बघायची माझ्या नवऱ्याची एक रीत होती, ती फिटरनं शिकवलेली नव्हती. तो बेरिंगावर तळहात ठेवी आणि सावकाश पांडवांची नावं घेई. धर्म, भीम, अर्जुन असं करत सहदेवापर्यंत पोचला की बेरिंग ठीक. अर्जुनापाशीच हात उचलावा लागला तर वंगण घालायचं. धर्मालाच चटका बसला तर इंजिन थांबवायचं. तो हे काम पूजेसारखं मन लावून करी. त्याचा उजवा तळहात भाजून भाजून कडक झाला होता, आणि मला तो हात फार आवडे. बायकांनी असलं लिहू नये म्हणतात. मी लिहिते.

मग लढाई आली. तांदूळ रेशनवर गेला, सरकारनं गावोगावचं भात गोळा केलं आणि आमच्या गिरणीसमोर गाड्यांची रांग लागली. पोत्यांची थप्पी आढ्याला टेकली. भात वेळेवर सडून मिळालं नाही तर दुसऱ्या गिरणीकडे वळवू, असं सरकारी साहेबांचा माणूस सांगून गेला. त्या दिवसापासून सासऱ्यांनी इंजिन थांबवायचं बंद केलं. दिवसा माझा नवरा, रात्री एक बदली माणूस, आणि पुक् पुक् अखंड. थांबवणं त्यांना महाग वाटे ते आणखी एका कारणानं. एकदा थांबवलं की पुन्हा इंजिनाचं डोकं स्टोव्हसारख्या फुरफुरत्या दिव्यानं तापवायचं, चार गड्यांनी चाकाला लोंबकळायचं, आणि ते मनात येईल तेव्हा सुरू होणार.

नवऱ्यानं त्यांना सांगून पाहिलं. भिंतीकडचं बेरिंग आता अर्जुनापर्यंत जात नाही, रोज दुपारी थोडं थांबवू, अस्तराचा धातू मुंबईहून मागवू. सासरे म्हणाले, बैल दमतो कारण त्याला जीव असतो, लोखंडाला कुठला जीव? हेच गृहस्थ दसऱ्याला त्या लोखंडाला झेंडूची माळ घालून दंडवत घालत. जीव केव्हा आहे आणि केव्हा नाही, हे तेच ठरवत. मागच्या वर्षीही असंच चालवलं होतं, काय झालं? असं ते विचारत, आणि काही झालेलं नसल्यामुळे नवरा वंगणाची बुधली उचलून परत बेरिंगाकडे जाई.

ते बेफिकीर होते असं मात्र कोणी समजू नये. धोक्याचा विचार त्यांच्याइतका कुणीच केला नसेल. पट्टा तुटला तर म्हणून दुसरा पट्टा तेल लावून टांगून ठेवलेला होता. तुसाला आग लागली तर म्हणून वाळूच्या बादल्या भरलेल्या होत्या. शाफ्ट मोडला तर कर्जतचा लोहार येऊन बघून गेला होता. तेलाचं परमिट अडकलं तर कुणाला भेटायचं तेही ठरलेलं होतं. संध्याकाळी ओटीवर बसून ते बोटं दुमडत एकेक संकट मोजत आणि प्रत्येकावर तोड सांगत. त्या बोटांत आपला मुलगा एकदाही आला नाही. मी आत भाकऱ्या थापत ऐकत असे.

तरी बेरिंगाची धास्ती त्यांच्या मनातून जाईना. तोड नसलेलं संकट ते एकच. मग त्यांनी ठरवलं की देवाला कौल लावायचा.

आमच्याकडे पेरणी असो, सोयरीक असो, हरवलेलं जनावर असो, गावदेवाला कौल लावतातच. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास धरून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. इंजिनासाठी कौल लावल्याचं त्याआधी गुरवानंही ऐकलं नव्हतं. पण सासऱ्यांपुढे बोलायची त्याची टाप नव्हती.

आम्ही तिघं सकाळीच देवळात गेलो. माझ्या हातात नारळाचं तबक होतं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं की सगळं भात सडून होईपर्यंत गिरणी न थांबवता चालवावी का, तसं असेल तर उजवी दे. आम्ही बसलो. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. नवऱ्यानंही हात जोडले आणि उठायला लागला. सासरे उठले नाहीत. ते गुरवाला म्हणाले की प्रश्न नीट घातला नाही. गिरणी चालवावी का, हे देवाला काय विचारायचं, ते आमचं आम्ही ठरवू. देवाला एवढंच विचार की इंजिनाला काही होणार नाही ना. गुरवानं माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं खाली पाहिलं. गुरवानं पाकळ्या पुन्हा भिजवल्या.

तेव्हा मी तोंड उघडलं. देवळात सासऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती, पण माझी जीभ रीत पाळणारी नव्हती.

“मामंजी, यांचंबी इचारा. इंजिनापाशी हेच असत्यात.”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. देवाकडे बघतच म्हणाले, “त्याचं काय इचारायचं? त्यो तर घरचाच हाय.”

एवढंच. त्यात राग नव्हता, तुच्छता नव्हती. घागर कुठे ठेवली असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. आयुष्यभर मी मनात एखादं वाक्य जपून ठेवलं असेल तर हेच.

या वेळी उजवी पडली, आणि लगेच पडली. सासऱ्यांनी देवापुढे कपाळ टेकलं. परतताना ते तरण्या माणसासारखे झपाझप चालत होते.

खरं नुकसान त्या कौलानं केलं ते नवऱ्याच्या मनात. तो देवभोळा होता. बेरिंगाची भीती होती तोवर तो त्याच्याशी जपून वागे. जवळ जाताना सदऱ्याची बाही दुमडी, उपरणं खुंटीला अडकवी, काही ओढायचं-सोडवायचं असलं तर आधी पट्टा उतरवून शाफ्ट थांबवी. देवानं हमी दिल्यावर भीती गेली आणि तिच्याबरोबर ते सगळं गेलं. मी बोलले तर हसला. इंजिनाला काही होणार नाही म्हणजे कुणालाच काही होणार नाही, असा त्यानं अर्थ लावला. बापाच्या आणि त्याच्या अर्थात एवढीच काय ती तफावत.

सासऱ्यांनी आणखी एक डोकं चालवलं. देवळात पिंडीवर पाणी ठिबकवायची जुनी तांब्याची गळती होती, ती त्यांनी गुरवाकडून आणली आणि बेरिंगाच्या वर टांगली. बेरिंगावर गोणपाट पांघरलं. थेंब थेंब पाणी गोणपाटावर पडत राही आणि वाफ निघत राही. भात घेऊन येणारे लोक उभे राहून बघत आणि इंजिनाला अभिषेक चाललाय म्हणून हसत. सासरेही हसत. आता तळहात ठेवला की सहदेवापर्यंत सहज जाता येई, कारण वरून लोखंड गार असे. आत ते किती जळतंय हे हाताला कळायची वाटच बंद झाली होती. नवरा रोज पाचही नावं घेऊन समाधानानं जेवायला बसे.

भात संपत आलं होतं. थप्पीमागची भिंत दिसायला लागली होती. त्या दुपारी मी भाकरी घेऊन गिरणीत गेले. ठाकरवाडीच्या बाया कोंडा भरत होत्या, सासरे दाराशी वजनाच्या काट्यावर होते. नवरा बेरिंगापाशी उभा होता. मला बघून हसला आणि आलोच अशी खूण केली.

गोणपाट रोजच्या पाण्यानं कुजून गेलं होतं. त्याचं एक टोक सुटून शाफ्टवर लोंबत होतं आणि शाफ्टनं ते ओढायला सुरुवात केली होती. ते त्यानंही पाहिलं. पूर्वीचा असता तर आधी पट्टा उतरवून घेतला असता. त्यानं नुसता हात घातला आणि टोक धरून ओढलं.

ओलं गोणपाट त्याच्या मनगटाला वेढलं. पुढे काय झालं ते इतक्या झटकन झालं की मी भाकरीचं फडकं हातात धरून उभीच राहिले. शाफ्टनं त्याला खेचून स्वतःवरच आपटलं. तो “आई गं” म्हणाला आणि मग नुसता आवाज करत राहिला. बाया ओरडायला लागल्या. सासरे धावत आले, एका नजरेत सगळं पाहिलं, आणि सगळ्या गडबडीवर त्यांचा आवाज चढला.

“इंजिन बंद करू नका रं. पट्टा उतरवा.”

गड्यांनी बांबू घालून पट्टा चाकावरून खाली पाडला. शाफ्ट थांबला. कुणीतरी विळ्यानं गोणपाट कापलं आणि माझ्या नवऱ्याला खाली घेतलं. त्याचा हात होता, पण हातासारखा नव्हता. आणि भिंतीपलीकडे इंजिन मोकळंच, हलक्या अंगानं पुक् पुक् करत होतं.

सासऱ्यांनी तेव्हा केलं ते बरोबरच केलं, असं मला पुढे जो तो ऐकवीत राहिला. इंजिन बंद करून ते जड चाक थांबायला वेळ लागला असता, पट्टा पाडल्यामुळे शाफ्ट ताबडतोब थांबला, म्हणून जीव वाचला. हे खरं आहे. माझा नवराही हेच म्हणे. खरं आहे म्हणूनच मला त्याचा जास्त संताप येतो, कारण मी पुढचंही ऐकलं आहे. आम्ही त्याला गवत घातलेल्या बैलगाडीत निजवलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी कर्जतच्या रस्त्याला लागली, आमराईपाशी वळली, आणि मागून येणारा तो हलका आवाज एकदम जड झाला. इंजिनावर भार पडला की आवाज जड होतो, एवढं त्या घरात राहून मला समजत होतं. पट्टा पुन्हा चढला होता. नवऱ्यालाही ते समजलं. त्यानं डोळे मिटूनच विचारलं, “चालू झालं का गं?”

मी त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

कर्जतहून आगगाडीनं त्याला मुंबईला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपराच्या वर कापला. तो घरी आला तेव्हा भात सडून संपलं होतं. सासऱ्यांनी देवाला धोतर-नारळ वाहिलं होतं, आणि इंजिन निवांत थांबवून बेरिंगाचं अस्तरही नवं ओतून घेतलं होतं. समाचाराला येणाऱ्यांना ते ओटीवर बसवून सांगत, देवानं शब्द राखला, इंजिनाला ओरखडा नाही. माणसं मान हलवत. गावात एक विनोद फिरला की देवानं उजवी दिली आणि उजवा घेतला. तो विनोद आमच्या घरातही पोचला आणि सासरे त्यावर हसले. मुलगा समोर बसला होता. तोही थोडा हसला. मी त्या दोघांसाठी चहा करत होते, तो मी मोरीत ओतला आणि चहा संपला म्हणून सांगितलं.

इंजिनावर दुसरा माणूस ठेवला. माझ्या नवऱ्याला गिरणीच्या फाटकावर बसवलं, गाड्या सोडायला आणि अडवायला. डावा हात तेवढ्याला पुरतो, असं सासरे म्हणाले. त्याचं धोतर मी नेसवी, भाकरी मी मोडून देई. कधी कधी फाटकावर बसल्या बसल्या त्याचे ओठ हलताना दिसत. मी जवळ गेले तर तो पांडवांची नावं घेत असे आणि खांद्याकडे बघत असे. हात नसलेल्या जागी त्याला तळहात भाजल्यासारखा वाटे. असं होतं, असं दवाखान्यात सांगितलं होतं. बापाविरुद्ध तो चकार शब्द बोलला नाही. मी बोलायला लागले की तो म्हणे, जाऊ दे, त्यांनी मुद्दाम थोडंच केलं. मुद्दाम केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. मुद्दाम करायला आधी माणूस ध्यानात यावा लागतो.

लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, शाळेतल्या पोरांना पेढे वाटले. त्याच्या पुढच्या एका भाताच्या हंगामात सासरे अंथरुणाला खिळले. पोटात पाणी झालं होतं. कर्जतचा डॉक्टर येऊन जाई आणि पेज देत राहा एवढंच सांगे. माझी सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली, त्यामुळे त्यांचं सगळं मीच काढत होते. कुशीवर वळवणं, पुसणं, पेज भरवणं. यात मी कधी हयगय केली नाही, आणि प्रेमानंही काही केलं नाही. ते पडल्या पडल्या मान तिरकी करून गिरणी ऐकत.

एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं. गावदेवाला कौल लावून ये म्हणाले. आपण यातून उठू का, एवढं विचार. आवाज अगदी बारीक झाला होता. माझ्या नवऱ्याला फाटक सोडता येत नव्हतं, ते त्यांनीच तसं करून ठेवलं होतं. मी नारळ घेतला आणि गेले.

गुरव तोच होता, म्हातारा झालेला. काय गाऱ्हाणं घालू, असं त्यानं विचारलं. वाटेत मी काहीच ठरवलं नव्हतं. तबकातल्या पाकळ्या बघितल्या आणि माझ्या तोंडून सरळ निघालं की इंजिन यंदाचा हंगाम काढील का, हे विचार. गुरवाचा हात पाण्यात तसाच राहिला. त्याला सगळं आठवत होतं. मग त्यानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

उजवी पडली.

घरी येऊन मी सांगितलं की उजवी पडली. सासऱ्यांचं तोंड उजळलं. त्या दिवशी त्यांनी पेज मागून घेतली, वाटीभर प्यायली, उशीला टेकून बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला देवाचा होकार सांगितला. माझ्या नवऱ्याला बोलावून यंदा पट्टा नवा घ्यायला हवा म्हणाले. दोन दिवस घरात जरा बरं वातावरण होतं. मी ते राहू दिलं असतं. खरंच राहू दिलं असतं. पण तिसऱ्या सकाळी मी पेज भरवत होते, आणि त्यांनी कौतुकानं विचारलं, “गाऱ्हानं कसं घातलंस गं? नीट इचारलंस ना?”

“इंजिनाचं इचारलं,” मी म्हणाले.

त्यांना समजायला वेळ लागला. पेज ओठाच्या कोपऱ्यातून गळाली, ती मी पुसली.

“आन् माझं?”

“तुमचं काय इचारायचं, मामंजी? तुमी तर घरचंच.”

ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. उरलेली पेज घेतली नाही. बाहेर गिरणी चालू होती आणि फाटकावर माझा नवरा कुठल्यातरी गाडीवाल्याला आत सोडत होता, त्याचा आवाज येत होता.

मी वाटी घासायला नेली. इंजिनानं तो हंगाम पुरा काढला.